परक्या घरचं श्राद्ध

अहो, उद्या तुमचं गोडाचं जेवण. तुमच्या चेन्नईत त्याला शुभस्वीकारम् म्हणतात, आणि तुमच्याकडची मंडळी सकाळपासून तोच शब्द घोळवताहेत. उद्यापासून या घराने पुन्हा शुभ स्वीकारायचं. मला नवी साडी नेसवणार, केळीच्या पानावर बसवणार, वडे आणि पायसम वाढणार, आणि मी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावणार नाही म्हणे. मला त्या घासाची भीती वाटते आहे.

हसू नका. माझ्या भीतीचं तुम्हाला नेहमी हसूच यायचं.

तुम्हाला हृदयाचा पहिला झटका आला त्या दिवशी मी भिण्याच्या नोकरीला लागले, आणि त्यानंतर एकही रजा घेतली नाही. तुम्ही आंघोळीला गेलात की मी बाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकायचे. आवाज जरा थांबला की 'अहो?' आणि आतून तुमचं वैतागलेलं, 'आहें ग, आहें!' मी मिरजेची. लग्न होऊन चेन्नईतल्या या तिरुवल्लिकेणीत आले तेव्हा तुमच्या त्या तंजावरी मराठीला मी पदर तोंडाला लावून हसायचे. गेल्या दोन वर्षांत मात्र ते 'आहें' ऐकल्याशिवाय माझा जीव भांड्यात पडत नसे. तुम्ही दुपारचे झोपलात की छातीवरचा बनियन वर-खाली होतो की नाही ते बघत बसायचे. जिभेखाली ठेवायची गोळी डब्यात, डबा कमरेच्या पिशवीत, आणि पिशवी मी देवळातसुद्धा काढत नसे.

आणि एवढी राखण करून झालं काय? मी कढीपत्ता आणायला खाली गेले. तुम्ही गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होतात. मी विचारलं, 'जाऊन येऊ ना?' तुम्ही वर न बघता म्हणालात, 'जा की.' वर आले तेव्हा वर्तमानपत्र तुमच्या मांडीवर तसंच होतं, चष्मा नाकावर तसाच होता. यमाने काय मुहूर्त साधला बघा! माझी कमरेची पिशवी कमरेलाच होती.

तेव्हापासून सगळे मला विचारतात, शेवटी काय बोलले, काही त्रास होत होता का. मी सांगते, 'जा की' म्हणाले. पण माझ्या मनात तो दिवस नाही येत. मनात येतं ते ह्यू. चार महिन्यांपूर्वीचं व्हिएतनाममधलं ते जुनं राजधानीचं शहर, त्याच्याबाहेरचं ते खेडं, आणि तिथल्या एका परक्या घराच्या अंगणात आपलं जे झालं ते. तुमचा एक प्रश्न तिथे तसाच राहून गेलाय. त्याचं उत्तर मला उद्याच्या जेवणाआधी द्यायचं आहे.

जायचा हट्ट तुमचाच. तंजावरच्या राजवाड्याच्या सावलीत तुमचे आजोबा वाढले, त्यामुळे कुठल्याही राजाचं घर दिसलं की तुम्हाला ते आपल्याच भाऊबंदांचं वाटायचं. डॉक्टर म्हणाले, जाऊ दे त्यांना, हळूहळू फिरू दे. आपल्या लेकीने, माधवीने, एका मराठी सहलीत आपली नावं घातली. बाकी सगळी मंडळी पुण्या-नाशिकची. पहिल्याच नाश्त्याला तुम्ही 'मला कॉफी पुरें, चहा नकों' म्हणालात आणि टेबलावरच्या बायका तुमच्या प्रेमात पडल्या. काका, अजून बोला ना! तुम्ही बोलत सुटलात. मी तुमच्या बशीतलं मीठ मोजत होते.

लोक विचारतात, ह्यू कसं आहे हो? काय सांगू? मी ह्यू पाहिलंच नाही. मी तुमची पाठ पाहिली. तो निळा चौकड्यांचा शर्ट, मानेपाशी घाम येऊन गडद झालेला. खंदक होता, पावसाने काळे पडलेले जाडजूड तट होते, आत अंगणामागून अंगणं होती, लाल खांब होते, आणि या सगळ्याच्या पुढे तुमची पाठ होती. ती कुठे थांबते, कुठे वाकते, खांबाला हात लावून टेकते की नुसतंच नक्षी बघते, एवढंच मी बघितलं. तुम्ही मागे वळून म्हणालात, 'हें बघ, युद्धांत सगळें पडलें होतें, यांनीं पुन्हा उभें केलें. आपल्याकडे कोण करतो?' मी म्हटलं, 'पाणी प्या.'

एका राजाच्या समाधीकडे जायला काळ्या दगडांचा उभा जिना होता. ऊन आपल्या मे महिन्यासारखं. मी म्हटलं, खालूनच नमस्कार करू. तुम्ही चढायला लागलात. मध्यावर थांबून माझ्याकडे वळलात तेव्हा माझा हात पिशवीकडे गेला. तुम्हाला फक्त माझा फोटो काढायचा होता. ते फोटो परवा माधवीने मोठ्या पडद्यावर लावले. सगळ्या ह्यूभर मी एकाच चेहऱ्याने उभी आहे. मागे ड्रॅगन आहे, कमळांचं तळं आहे, नदी आहे, आणि पुढे एक बाई वाघ दिसल्यासारखी फोटो काढणाऱ्याकडे बघते आहे. माधवी म्हणाली, 'अम्मा, यू लुक सो स्केअर्ड.'

आणि तो दुसरा राजा! त्याने जिवंतपणीच आपली समाधी बांधली आणि सुट्टीला तिथेच जाऊन राहायचा. तळ्यात नाव, काठावर मंडप, पाइनच्या झाडांखाली बसून कविता. तुम्ही अगदी खूश. आपली मार्गदर्शक मुलगी, लान, हिने सांगितलं की एवढं करून त्याला तिथे पुरलंच नाही, कुठे पुरलं ते कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही टाळी वाजवलीत. 'हा खरा शहाणा ग! सगळ्यांना इथे बसवून स्वतः पळून गेला.' मी तुम्हाला त्या मंडपात बसू दिलं नाही. समाधीत कसलं बसायचं, उठा. तुम्ही उठलात, पण रागावलात. त्या दिवशी जेवताना माझ्याशी बोलला नाहीत, नाशिकच्या बाईंशी बोललात.

दुसऱ्या दिवशी ते खेडं. भाताची शेतं, आणि शेतांत मधेच थडगी. माणूस पेरणी करतो आणि त्याच्या बांधाला आजोबा निजलेले. तुम्हाला ते फार आवडलं, मला गाडीतून उतरायची इच्छा होईना. ओढ्यावर एक जुना लाकडी पूल होता, वर कौलांचं छप्पर, दोन्ही बाजूंना बसायला बाकं, आणि बाकांवर गावातले म्हातारे पाय वर घेऊन झोपलेले. आपली मंडळी फोटो काढायला लागली. तुम्हाला तेवढ्यात तिळाच्या तळणाचा वास आला. वासामागे तुम्ही गल्लीत शिरलात, तुमच्यामागे मी, आणि आपल्या दोघांमागे 'अंकल, अंकल' करत लान.

गल्लीच्या टोकाला ते घर. अंगणात पत्र्याची शेड, गोल टेबलं, पोरंबाळं, बायकांची लगबग, धुराचा वास. आत समोरच उंच चौरंगासारखं टेबल, त्यावर एका म्हाताऱ्याचा फोटो, फोटोपुढे फुलं, फळांची रास, उदबत्त्या, वाट्यांमधून भात आणि किती तरी पदार्थ. आता मला सांगा, आपल्या घरात, तुमच्या बहिणीच्या घरात, माझ्या माहेरी, कुठे नाही असा एखादा म्हातारा भिंतीवर? कुणाचे महाराज, कुणाचे स्वामी. मला वाटलं, यांचे कुणी गुरू असतील, आज उत्सव असेल. मी चप्पल काढली. पदर दोन्ही खांद्यांवर घेतला. आणि डोळे मिटून, हात जोडून, त्या फोटोला नवस बोलले. महाराज, यांना राखा. माझं सगळं घ्या, पण हा माणूस मला राखून द्या. सुखरूप घरी पोचू दे, पुढच्या वर्षी पेढे वाटीन.

डोळे उघडले तर सगळं घर माझ्याकडे बघत होतं. लान इंग्रजीत म्हणाली, 'आँटी, हे या आजींचे मिस्टर. आज त्यांचं वर्षाचं जेवण आहे. ते गेले त्या तिथीचं.'

श्राद्ध! मी परक्या घरच्या श्राद्धात उभी होते, आणि मेलेल्या नवऱ्यापाशी माझ्या नवऱ्याचं आयुष्य मागितलं होतं.

तुम्ही केवढे हसलात! हसता हसता खांब धरलात, डोळ्यांतून पाणी, छातीवर हात. तो छातीवरचा हात बघून मी डबा उघडायला लागले, गोळ्या जमिनीवर सांडल्या, आणि तुम्ही त्या उचलता उचलता आणखी हसलात. मग लानला सगळं सांगितलंत, मी काय मागितलं असेल तेही. लानने त्या आजींना सांगितलं. ठेंगणी, काळे दात, केसांचा एवढासा अंबाडा, हाताला पीठ. आजी फोटोकडे वळल्या, काहीतरी म्हणाल्या, आणि सगळ्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या. लानने मला सांगितलं, 'त्या म्हणतात, याच्याकडे मागून उपयोग नाही. जिवंत असताना साधी घागर भरून आण म्हटलं तरी ऐकलं नाही याने.'

आणि त्या स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसल्या. फोटोला वाटीभर काहीतरी जास्तीचं वाढलं, त्याला दोन शब्द सुनावले, तुमचा हात धरून तुम्हाला पहिल्या टेबलावर बसवलं. जेवण बिनमांसाचंच होतं, टोफू, मशरूम, तीळ, भाज्यांच्या गुंडाळ्या. तुम्ही बसलात ते बसलातच. कारखान्यात आयुष्यभर रेल्वेचे डबे बांधणारा माणूस त्या दोन काड्यांनी भात उचलत होता आणि पोरं टाळ्या वाजवत होती. आजींनी त्यांच्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढली. मी म्हटलं, लानला सांग, माझा आज उपवास आहे.

'कसला उपवास?' तुम्ही मराठीत विचारलंत. 'आज कोण देव?'

'आहे एक.'

'अग, बस की! बिचारीनें खुर्ची दिली आहे. परवा नाहीं, चालतें, दोन घास खा.'

मी बसले नाही. आजींनी जरा वेळ माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरचं एक केळं काढून माझ्या हातात ठेवलं. माझे दोन्ही हात आपल्या पिठाळ हातांत धरून काहीतरी बोलल्या. लान दुसऱ्या टेबलाशी होती, त्यामुळे त्या काय बोलल्या ते मला कधीच कळलं नाही. मी दारापाशी ते केळं धरून उभी राहिले. त्या जेवायला बसल्या. चवीने जेवत होत्या. वाढणाऱ्या सुनेला काहीतरी दाखवून म्हणत होत्या, बहुतेक मीठ कमी आहे, किंवा तीळ जरा करपलेत. मग तुमच्याकडे बघून पुन्हा हसल्या. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, आणि माझी नजर त्यांच्यावरून हलत नव्हती.

गाडीत तुम्ही उसळलात. इतकं रागावलेलं मी तुम्हाला क्वचितच पाहिलं आहे.

'त्या बाईचा अपमान केलास तूं.'

'आपण दुसऱ्याच्या श्राद्धाला असं बसतो का? कुणाच्या जागी बसलात तुम्ही, कळतं का? पितराच्या जागी! तब्येत ही अशी, आणि—'

'पोदुम ग, पोदुम! पुरें कर! पितर कसला? पाहुणा म्हणून बसवलें मला. दारांत आलेल्याला जेवू घातलें, संपलें.'

'मरणाच्या घरी नाही जेवत आपण.'

'मरणाचें घर नाहीं असें कुठलें ग? तिरुवल्लिकेणींत एक दाखव.'

मी खिडकीकडे तोंड केलं. पुण्याच्या मंडळींनी आपल्याला चकल्या दिल्या, तुम्ही घेतल्या नाहीत, पोट भरलं होतं. मग तुमचा आवाज बदलला. जावळ काढताना मी माधवीला घट्ट धरून बसले होते, तेव्हा तुम्ही माझ्याशी बोलला होतात, तसा. म्हणालात, 'नक्की कशाला भितेस तूं? मी मरेन म्हणून? तें तर कधीं तरी होणारच. एवढेंच असेल तर सांग. दुसरें काहीं असेल तर तेंही सांग.'

मी म्हटलं, 'काही नाही.'

घरी आल्यावर हा प्रश्न तुम्ही पुन्हा विचारला नाहीत. मीही काढला नाही. चार महिने तुम्ही मरीनाला सकाळी फिरायला जात राहिलात आणि मी पंधरा पावलं मागे.

तुम्ही गेलात तेव्हा पहिल्यांदा मला तो फोटोच आठवला. सुनेच्या हातची गुंडाळी खाऊन बसलेला तो म्हातारा. मी त्याच्याकडे मागितलं आणि त्याने दिलं नाही. का त्याला उलटंच ऐकू गेलं? का तुम्ही त्याच्या घरी जेवलात म्हणून त्याने तुम्हाला आपल्या पंगतीत घेतलं? हे असले विचार मी कुणाला सांगू शकत नाही. माधवीला सांगितले तर ती मला डॉक्टरकडे नेईल. ती सकाळी कंपनीच्या बसने श्रीपेरुंबुदूरला जाते, मोटारींच्या कारखान्यातल्या यंत्रांना काय होतंय ते कॉम्प्युटरवर बघते, तिला असल्या गोष्टी शोभत नाहीत. सध्या ती रजा घेऊन घरी आहे आणि माझ्यावर नजर ठेवून असते. मी आंघोळीला गेले की बाहेर तिची पावलं वाजतात.

भीती वाटते, अहो. लिफ्टचा आवाज आला तरी वाटते. दुधाची पिशवी एकच घ्यायची, ह्याची वाटते. गॅलरीतल्या खुर्चीची तर इतकी वाटते की ती मी भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. समुद्रावरचा वारा संध्याकाळी दार आपटतो, मी दचकते, आणि मग वाटतं, आता कुणासाठी दचकायचं? ज्याची भीती होती ते होऊन गेलं. तरी भीती जायला तयार नाही. मला तिची सवय झाली होती म्हणावं तर तसंही नाही, ही भीती दुसरीच आहे. हिची आणि माझी ओळख त्या अंगणातच झाली होती, हे मला आज दुपारी कळलं.

आज दुपारी रुक्मामामींचा फोन आला होता. उद्याचा स्वयंपाक त्यांचाच आहे, तुमच्या वडिलांचं श्राद्धही दरवर्षी त्याच रांधतात, आणि तुम्हाला त्या मामाच म्हणायच्या. म्हणाल्या, 'वडे किती करूं? मामा नाहींत, म्हणजे आतां कमी लागतील.' मी विचारलं, म्हणजे काय? तेव्हा त्यांनी सांगितलं. दरवर्षी श्राद्धाच्या दिवशी, ब्राह्मणांची पानं वाढायच्याही आधी, तुम्ही सोवळं नेसून, भस्म लावून, अगदी गंभीर चेहऱ्याने स्वयंपाकघरात जायचात म्हणे, तूप आहे ना बघायला. आणि बाहेर येताना सोवळ्याच्या ओच्यात दोन वडे! रुक्मामामींना पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. त्या मुद्दाम दोन जास्तीचे करायच्या. एकदा तेल जरा जास्तच गरम होतं, आणि तुम्ही तर्पणाला बसलात ते पोट आत घेऊन, वेदना सोसत, आणि भटजींना वाटलं वडिलांच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आलं आहे. त्यांनी मंत्र थांबवून तुमचं सांत्वन केलं!

मी हसले. अहो, मी हसले. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग फोन हातातून सुटेपर्यंत. रुक्मामामीही तिकडून हसत होत्या. मी त्यांना म्हटलं, 'वडे कमी नका करू, आणि हो, गेल्या वेळी आलं जास्त पडलं होतं.' खुर्चीत बसून, डोळे पुसत, मी उद्याच्या वड्यांतल्या आल्याबद्दल बोलत होते. वर बघितलं तर माधवी दारात उभी. घाबरलेली. मी वेडी झाले का काय असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी तिला म्हटलं, 'काही नाही.'

आणि मग आत येऊन हे लिहायला बसले. अक्षर बघा कसं आलंय.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही मराल याची भीती होतीच, ती मी कधी लपवली नाही. ती मी आधीपासून घेऊनच आले होते, चेन्नईपासून, कमरेला बांधून. पण त्या अंगणात मी घाबरले ती तिथीला नाही, पितरांना नाही, त्या फोटोला नाही. त्या आजींना घाबरले. त्या रडत असत्या, कोपऱ्यात बसलेल्या असत्या, तर मी त्यांच्या शेजारी बसून जेवलेसुद्धा असते. त्या बऱ्या होत्या. नवरा गेलेला, फोटो पुढ्यात, आणि बाई चवीने जेवत होती, मीठ कमी आहे म्हणत होती, त्याची थट्टा करत होती, मनापासून. मी तुम्हाला जिवंत ठेवण्यासाठी दोन वर्षं श्वास रोखून उभी होते, आणि त्यांनी मला दाखवलं की श्वास सोडला तरी बाई मरत नाही. हे मला तुम्हाला कसं सांगता येणार होतं? तुम्ही शेजारी बसला होतात, धडधाकट, पोटभर जेवून, आणि मी काय सांगणार होते, की तुमच्याशिवायही माझं चालेल, हे मला आत्ता दिसलं?

त्या आजी माझे हात धरून काय बोलल्या, ते मला आता जाणून घ्यायचं नाही.

उद्या मला पानावर बसवतील. मी घास घेईन. वडा चांगला झाला असेल तर तो मला चांगला लागेल, थांबवू म्हटलं तरी थांबणार नाही. मग परवा कधीतरी मी दोन तास तुमची आठवण न काढता बसेन. मग एक दिवस गॅलरीतली खुर्ची सरळ करीन, कारण ऊन चांगलं पडलेलं असेल. मी बरी होणार आहे, अहो. आणि ते थांबवायला तुम्ही घरात नाही.